वाळूत गाडी रुतली तर : आधी हवा, मग फावडे, दोर सगळ्यात शेवटी

दिवाळीची सुट्टी लागली की बडोद्याहून गाड्या दोन दिशांना सुटतात. काही भुजमार्गे धोरडोच्या पांढऱ्या रणाकडे, काही अहमदाबाद ओलांडून थेट जैसलमेरकडे. पूर्वी हा प्रवास रेल्वेने किंवा मंडळाच्या बसने व्हायचा. आता बहुतेक घरांत उंच एसयूव्ही आहे, आणि जाहिरातीत तीच गाडी वाळू उडवत टेकडी चढताना दिसते. त्यामुळे रस्ता सोडून जरा आत जाऊन फोटो काढावा असे वाटणे साहजिक आहे.

जाहिरातीत न सांगितलेली गोष्ट अशी, की आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एसयूव्ही दिसायला दणकट असल्या तरी ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना देतात. म्हणून दर हिवाळ्यात तेच दृश्य दिसते. चकचकीत गाडी पोटापर्यंत वाळूत, निम्मे कुटुंब मागून ढकलतेय, उरलेले मोबाइलवर चित्रण करतेय आणि कोणीतरी दोर शोधायला गेलेले आहे.

अलीकडे या अडचणीवर ऑनलाइन दुकानांत तयार संच मिळतात. त्यात जाडजूड पट्टा, दोन लोखंडी शॅकल, हातमोजे आणि पिशवी असते. प्रवासाआधी अनेकजण असा संच मागवून डिकीत टाकतात आणि निश्चिंत होतात. हा लेख त्या खरेदीबद्दलच आहे, पण माझे म्हणणे असे की आपण खरेदीचा क्रम उलटा करतो. नीट तयारी असेल तर बहुतेक वेळा दोराची गरजच पडत नाही, आणि त्या सगळ्या सामानात जिवावर बेतू शकणारी वस्तू दोर हीच असते.

गाडी रुतते कशी?

कोरड्या वाळूचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. चाकाचा दाब मर्यादेबाहेर गेला की कण बाजूला सरकतात आणि चाक खाली जाते. मग चाकापुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो. चाकाला तो चढता आला नाही तर ते जागच्या जागी फिरते आणि स्वतःखालची वाळू उपसू लागते. चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, तसा खड्डा आणखी खोल होतो. शेवटी गाडीचे पोट वाळूला टेकते. आता वजन चाकांवर नसून पोटावर असते, त्यामुळे चाके कितीही फिरली तरी उपयोग नसतो.

यातून एकच नियम निघतो. गाडी पुढे सरकत नाही असे जाणवले की त्याच क्षणी पाय काढायचा. त्या वेळी थांबलेली गाडी अनेकदा नुसती रिव्हर्स घेऊन, आपल्याच चाकोरीतून बाहेर निघते. अर्धा मिनिट चाके फिरवली, तर पुढे अर्धा तास फावडे मारावे लागते.

पहिली खरेदी : प्रेशर गेज आणि कंप्रेसर

वाळूत सगळ्यात मोठे काम हवा कमी करण्याने होते. सोपा हिशेब करून पाहू. प्रवाशांसह गाडी १,६०० किलो धरली तर प्रत्येक चाकावर साधारण ४०० किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो. म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला भाग अंदाजे १७५ चौरस सेंटिमीटर, एका तळहाताहून थोडा मोठा. हवा १६ पीएसआयवर आणली की हाच भाग सुमारे ३५५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दुप्पट होतो. टायरच्या भिंतीही थोडे वजन पेलतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे जरा वेगळे येतील, पण प्रमाण हेच राहते. वाढ मुख्यतः लांबीत होते. टायर पसरट होऊन वाळूवर पट्ट्यासारखा पडतो. उंटाचे पाऊल वजन पडल्यावर जसे पसरते, तसाच हा प्रकार आहे.

सुरुवात २० पीएसआयने करावी. वाळू मऊ लागली तर १८ आणि गाडी अडकलीच तर १६. साध्या गाडीच्या टायरला त्याखाली जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. मोठी रिम आणि बारीक भिंतीचे टायर असलेल्या गाड्यांनी १८ ते २० वरच थांबावे. हवा कमी असताना वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा, वळणे मोठी घ्यावीत, जोरात ब्रेक मारू नये. डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागेल, तो लागणारच.

हवा सोडायला काडी किंवा किल्लीचे टोक पुरते, पण किती सोडली हे कळण्यासाठी गेज लागतोच. पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर नव्हे, आपल्या स्वतःच्या गेजवर विश्वास ठेवायची सवय लावावी. गेजची किंमत काही शेकड्यांत असते.

सोडलेली हवा परत भरायला कंप्रेसर लागतो. तो जवळ नसला की माणूस हवा सोडायला धजावत नाही आणि भरल्या टायरवर वाळूत शिरतो. अर्ध्या हवेच्या टायरवर महामार्गाला लागणे तर त्याहून वाईट, कारण टायर तापून फुटू शकतो. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायचा कंप्रेसर लहानच असतो, कारण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. मोठ्या एसयूव्हीसाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा कंप्रेसर घ्यावा. दुसरे, त्याची वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोहोचते का, हे घरच्या अंगणातच तपासावे. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे आणि दोन चाकांनंतर यंत्राला थोडी विश्रांती द्यावी.

दुसरी खरेदी : फावडे

फावड्याचे कोणाला कौतुक नसते, पण दुसरा क्रमांक त्याचाच. लष्करी दिसणारे घडीचे छोटे फावडे डिकीत मावते, मात्र गाडीच्या पोटाखालची वाळू काढताना ते आखूड पडते आणि त्याचा सांधा लवकर ढिला होतो. लांब दांड्याचे, रुंद पात्याचे फावडे मागच्या सीटमागे आडवे बसते. तेवढी जागा नसेल तर दांडा वेगळा होणारे घ्यावे. सोबत एक घमेले असले तर मुलांनाही काम मिळते.

खणायचे कसे यालाही पद्धत आहे. आधी गाडीचे पोट मोकळे करायचे, कारण वजन तिथे अडकलेले असते. मग ज्या दिशेने बाहेर पडायचे त्या बाजूला प्रत्येक चाकापुढची वाळू उताराने काढायची. चाकापुढे भिंत न राहता सपाट उतार राहिला पाहिजे. बाहेर पडायची दिशा शक्यतो आलो तीच ठेवावी, म्हणजे मागची. ती वाळू आपल्याच चाकांनी आधी दाबलेली असते.

तिसरी खरेदी : रिकव्हरी बोर्ड

चाकाखाली घालायच्या या दातेरी पाट्या आता नायलॉनच्या मिळतात, पण त्यामागची कल्पना जुनी आहे. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अभियंता १९२० आणि १९३० च्या दशकांत हौसेखातर फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात हिंडत असे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी टायरची हवा कमी करणे, चाकाखाली लोखंडी पन्हाळी घालणे आणि गाडीचे पाणी उकळून वाया जाऊ नये म्हणून वाफ परत थंड करून वापरणे, ही तंत्रे बसवली. १९४० साली त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या तुकडीने हीच पन्हाळी ट्रकना टांगून युद्धात वापरली. वाऱ्याने वाळू कशी सरकते यावरचे त्याचे १९४१ चे पुस्तक शास्त्रज्ञ आजही वापरतात. मंगळावरच्या एका वाळूच्या पट्ट्यालाही त्याचे नाव दिलेले आहे.

आज बोर्ड घेताना ते वाकवून पाहावेत. चांगला बोर्ड थोडा वाकतो आणि परत सरळ होतो. कडक, ठिसूळ प्लास्टिकचा बोर्ड गाडीच्या वजनाने तडकतो. एक जोडी पुरते. ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्याखाली ते लावायचे. पुढच्या चाकांची गाडी असेल तर बोर्ड पुढच्या चाकांना. रिव्हर्समध्ये निघायचे असेल तरी चाके पुढचीच, फक्त बोर्ड त्यांच्या मागच्या बाजूला येतील. तिथे हात पोहोचायला जागा कमी असते, म्हणून आधी वाळू नीट काढावी लागते.

बोर्ड चाकासमोर नुसता ठेवून चालत नाही. त्याचे टोक टायरखाली घट्ट खुपसायला हवे. स्टिअरिंग सरळ ठेवावे, पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून गाडी अगदी सावकाश चढवावी. चाक बोर्डवर गरगरले तर दाते घासून आणि वितळून जातात आणि बोर्ड मागे भिरकावला जातो. त्यामुळे त्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. गाडी निघाली की घट्ट जमीन येईपर्यंत थांबायचे नाही, बोर्ड आणायला मागाहून चालत जायचे. दोन्ही बोर्डांना एकेक लांब रंगीत फीत बांधून ठेवावी, कारण गाडी गेल्यावर ते वाळूत गाडले जातात.

बोर्ड नसतील तर काय? पायपुसणी आणि गोणपाट लोक वापरतात. कधी त्यांनी काम भागते, पण बहुतेक वेळा चाक त्यांना खाली ओढून मागे फेकते. बाभळीच्या फांद्यांचे काटे टायरला नको असतात. त्यापेक्षा हवा आणखी दोन पीएसआयने कमी करून पुन्हा फावडे घ्यावे.

खुरीजवळ पाहिलेले

गेल्या जानेवारीत आम्ही तीन कुटुंबे जैसलमेरच्या नैर्ऋत्येला खुरी गावाजवळ मुक्कामाला होतो. संध्याकाळी मुक्कामाजवळच्या वाटेवर दुसऱ्या एका गटाची गाडी पुढच्या दोन्ही चाकांनी रुतली. गाडीत आजी-आजोबा आणि दोन लहान मुले. मदतीला आलेल्या माणसांनी तोवर विहिरीचा नायलॉनचा दोर आणून एका टोकाला दुसरी गाडी जोडलीही होती. आजोबा मध्ये उभे राहून हाताने ताण पाहत होते आणि मुले दोराच्या बाजूला खेळत होती.

तेवढ्यात गावातला जीपवाला आला. गाडीकडे न पाहता त्याने आधी माणसांकडे पाहिले. "बाबूजी, आप उधर टीले के पास बैठिए," म्हणून आजोबांना हात धरून लांब नेले, मुलांनाही तिकडे पाठवले. दोर स्वतः सोडला. मग "पहले हवा" एवढेच म्हणून चारही चाकांची हवा काडीने सोडायला लागला. आमच्याकडचा गेज दिला तेव्हा तो हसला, पण त्याने वापरला. सामान खाली उतरवले, दोघांनी पोटाखालची वाळू ओढून काढली, आणि गाडी रिव्हर्समध्ये पहिल्याच प्रयत्नात बाहेर आली. सगळे मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागली. त्याच्या जीपमध्ये चांगला दोर होता, तो जागचा हललाही नाही.

रात्री जेवताना आमच्या काकूंनी विचारले, "अरे, दोराने ओढली असती तर लवकर नसती का निघाली?" त्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागते.

ओढण्याचा दोर वेगळा, झटक्याचा वेगळा

बाजारात दोन प्रकारचे पट्टे शेजारी-शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला सारखेच असतात. पहिला टो स्ट्रॅप. तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि फारसा ताणला जात नाही. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून सावकाश ओढून न्यायला तो ठीक. दुसरा स्नॅच स्ट्रॅप किंवा गोल विणीचा कायनेटिक रोप. हा नायलॉनचा असतो. पट्टा साधारण २० टक्के, गोल दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. ओढणारी गाडी थोडा वेग घेते, दोर रबरासारखा ताणतो आणि साठलेली ऊर्जा रुतलेल्या गाडीला हळूहळू पण जोरदार खेच देते.

टो स्ट्रॅपने किंवा लोखंडी साखळीने झटका दिला तर ताणायला काहीच नसते. सगळा धक्का एका क्षणात कडीवर येतो आणि काहीतरी तुटते. २ टनांची गाडी ताशी १० किलोमीटरने चालली तर तिच्यात सुमारे ७,७०० ज्यूल ऊर्जा असते. ७५ किलोचा माणूस साडेदहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या वरून पडावा तेवढी. वेग २० केला की ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. कडी तुटली तर यातला मोठा भाग तुटलेल्या तुकड्यासह उडत येतो, आणि तो समोरच्या काचेतून आत शिरू शकतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. तिथे २०१० पासून या पट्ट्यांवर सुरक्षेच्या सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

निवडीचा नियम असा. दोराची किमान तुटण्याची ताकद ही दोन्ही गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीनपट असावी. २,५०० किलोची गाडी असेल तर ५,००० ते ७,५०० किलोचा दोर. "जास्त टन म्हणजे जास्त चांगला" हा हिशेब इथे चुकतो. हलक्या गाडीला २० टनांचा दोर लावला तर तो ताणलाच जाणार नाही, म्हणजे पुन्हा साखळीच झाली. लांबी ९ मीटर असावी. ओला झाल्यावर नायलॉनची ताकद कमी होते. धाग्याला काप गेलेला दोर सरळ बाद करावा. दोन पट्टे शॅकलने जोडून लांब करणे तर कधीच नको, कारण तुटल्यावर तो शॅकल गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

अडकवायचा कुठे?

दोर उत्तम असला आणि अडकवायची जागा कच्ची असली तर धोका तसाच राहतो. बहुतेक गाड्यांच्या टूलकिटमध्ये एक लोखंडी कडी असते. बंपरवरचे चौकोनी झाकण काढून ती आट्यांवर फिरवून बसवायची असते. आपल्यापैकी किती जणांनी ती कधी हातात घेऊन पाहिली आहे? काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, अंधारात पहिल्यांदाच बसवायला गेलो तर उमगत नाही. घरीच एकदा बसवून पाहावी.

ही कडी सपाट रस्त्यावर गाडी सावकाश ओढण्यासाठी असते. वाळू पूर्ण काढून, हवा कमी करून, सरळ रेषेत हळूच आधार द्यायला ती वापरता येईल. झटक्यासाठी ती नाही. क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन अशा गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, त्यामुळे त्यांना कायनेटिक रोप लावायच्या फंदातच पडू नये. त्यांच्या मालकांनी हवा, फावडे आणि बोर्ड यांवरच भर द्यावा. थार, गुरखा, जिम्नी, फॉर्च्युनर अशा शिडीसारख्या चॅसिसच्या गाड्यांना चॅसिसवर बोल्टने बसवलेले, ताकद नमूद असलेले रिकव्हरी पॉइंट असतील तरच झटक्याचा दोर वापरावा. गाडीखाली दिसणाऱ्या पातळ कड्या ट्रकवरून गाडी नेताना बांधण्यासाठी असतात. अ‍ॅक्सल, सस्पेन्शन किंवा बंपर यांना दोर बांधू नये. ट्रेलर जोडायचा गोल गोळा, म्हणजे टो बॉल, तर मुळीच नको. उडालेल्या टो बॉलनेच माणसे मेल्याची उदाहरणे आहेत.

शॅकलवर कोरलेला आकडा वाचायला शिकावे. त्यावर रोजच्या कामाचा सुरक्षित भार लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ४.७५ टन. तो तुटण्याचा भार नव्हे, तुटण्याचा भार साधारणपणे त्याच्या चार ते सहापट असतो. दोरावर मात्र तुटण्याचा भार छापलेला असतो. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. ज्यावर काहीच कोरलेले नाही तो शॅकल हार्डवेअरच्या दुकानात कितीही जाड दिसला तरी घेऊ नये. अलीकडे दोराचेच सॉफ्ट शॅकल मिळतात. ते हलके असतात आणि सुटले तरी लोखंडासारखे घातक ठरत नाहीत. नवीन घेणाऱ्याने तेच घ्यावेत, फक्त धारदार कडेवर लावू नयेत.

ओढायची वेळ आलीच तर

आधी वाळू काढलेली आणि हवा कमी केलेली असली पाहिजे. मग माणसे दूर. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतर, आणि तेही बाजूला. मुले आणि वयस्कर मंडळी त्याहून लांब. चालू दोरावरून कोणी ओलांडायचे नाही. दोराच्या मध्यावर जाड सतरंजी किंवा वाळू भरलेली पिशवी टाकावी, म्हणजे तुटला तर तो खाली दबतो. इशारे देणारा एकच माणूस ठरवावा, सगळ्यांनी ओरडू नये.

दोन्ही गाड्या शक्यतो एका रेषेत ठेवाव्यात. दोर दोनेक मीटर सैल सोडावा आणि ओढणाऱ्या गाडीने हळू वेग घ्यावा, चालण्याहून थोडा जास्त. रुतलेल्या गाडीच्या चालकानेही त्याच वेळी हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यावा. दोन-तीन प्रयत्नांत निघाली नाही तर वेग वाढवायचा नाही, पुन्हा फावडे घ्यायचे.

जे सध्या घेऊ नये

विंच पाहायला भारदस्त, पण तिला ओढायला समोर झाड किंवा दुसरी गाडी हवी, आणि वाळवंटात झाड कुठले? शिवाय तिचे वजन पुढच्याच चाकांवर येते. उंच हाय-लिफ्ट जॅकही नवख्याने टाळावा. तो वाळूत कलंडतो, त्याचा दांडा उलटा फिरून जबड्यावर बसतो, आणि आजच्या प्लास्टिक बंपरच्या गाड्यांना तो लावायला जागाच नसते. गाडीतला मूळ जॅक पुरतो. फक्त त्याखाली घालायला फूटभर लांब-रुंद जाड फळी जवळ ठेवावी, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो.

रण, किनारा आणि थार : तिन्ही वेगळे

पांढऱ्या रणात वाळू नसते. वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिकट चिखल असतो. पापुद्रा फुटला की चिखल चाकाला धरून ठेवतो. तिथे हवा कमी करण्याचा फारसा फायदा नाही आणि बोर्डही बुडतात. उपाय एकच, आखलेला रस्ता सोडायचा नाही.

किनाऱ्यावर वेळेचा प्रश्न असतो. ओल्या वाळूवर गाडी छान चालते म्हणून माणूस पाण्याजवळ जातो, गाडी थांबवतो, आणि भरती येते. कोकणात तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ असा जुना ढोबळ हिशेब आहे. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. मात्र हा हिशेब खंभातच्या आखातात चालत नाही. तिथे भरती आत पोहोचायला वेळ लागतो, आणि तिचा चढउतार देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. त्या बाजूला जवळच्या बंदराचे भरतीचे वेळापत्रकच पाहावे. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे आणि कोकणात वेळासला समुद्री कासवे वाळूत अंडी घालतात. वरून टायर गेला तर काय होईल ते सांगायला नको.

थारमध्येही सगळी वाळू मोकळी नाही. सम आणि खुरीचा परिसर डेझर्ट नॅशनल पार्कला लागून आहे. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक तिथे गोडावण म्हणून ओळखला जातो, आणि तो उघड्या जमिनीवरच अंडे घालतो. त्यामुळे स्थानिक लोक दाखवतील त्याच वाटेने जावे. टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि आडोशाची बाजू भुसभुशीत असते, शिवाय तिचा उतार ३३-३४ अंशांचा असतो. तिथे गाडी आडवी नेली तर उलटू शकते. सकाळची थंड, किंचित दमट वाळू दुपारपेक्षा घट्ट असते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याचे बटण असेल तर वाळूत शिरण्याआधी ते दाबावे, नाहीतर चाक घसरताच गाडी स्वतःहून ताकद कमी करते.

डिकीत काय असावे

पहिल्या टप्प्यात गेज, कंप्रेसर, लांब दांड्याचे फावडे, जॅकखालची फळी, जाड हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी आणि माणशी किमान चार-पाच लिटर जादा पाणी. दुसऱ्या टप्प्यात बोर्डांची एक जोडी. चॅसिसवर पक्के पॉइंट असतील तरच तिसऱ्या टप्प्यात कायनेटिक रोप आणि दोन सॉफ्ट शॅकल. बोर्ड आणि कंप्रेसर प्रत्येक घराने घ्यायची गरज नाही. मंडळातली दोन-तीन कुटुंबे एकत्र निघत असतील तर एक संच वाटून घेता येतो. एकट्या गाडीने तर वाळूत शिरूच नये.

शिवाय एक सराव घरीच करता येईल. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात चारही टायर ३३ वरून १८ वर आणा आणि पुन्हा ३३ वर भरा. घड्याळ लावा. टूलकिटमधली कडी बसवून काढा. घरातल्या सगळ्यांना, गाडी चालवत नाहीत त्यांनाही, गेज वाचायला आणि दोरापासून किती लांब उभे राहायचे ते दाखवा. ओढणाऱ्या दोराजवळ आजोबा उभे दिसले, तर "आजोबा, तिकडे चला" असे घरातल्या कोणालाही म्हणता आले पाहिजे.